बांधावरचं गवत, तणनाशक आणि उलटणाऱ्या गायी

येरळाकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री ९.५०

मंडळी, धागा लांबणार आहे. विषय आमच्या घरात चारचौघांत बोलायचा नाही असं मानतात, पण महिनाभर डोक्यात दुसरं काही नाही, म्हणून इथं लिहितो.

गाव खानापूर तालुक्यात, विट्यापासून गाडीवर अर्धा तास. घरी कोसा खिलार वळू आहे, चिमण्या. नाव चिमण्या, पण उभा राहिला की गोठ्याचं दार झाकतं. आबांनी खरसुंडीच्या जत्रेतून खोंड असताना आणला, आता पाच वर्षांचा आहे. मे २०२३ ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यती कायम केल्या आणि खिलार खोंडाला पुन्हा भाव आला. शर्यतवाल्यांना कांडीपेक्षा (कृत्रिम रेतनाच्या गोठवलेल्या वीर्यापेक्षा) डोळ्यानं बघितलेला वळू पाहिजे असतो. त्यामुळे आटपाडीकडूनही टेम्पोत गाय घालून लोक येतात.

आबा वही ठेवतात. गाय कुणाची, वळूला कधी दाखवली, उलटली (म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली) की राहिली. २० सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर बारा गायी दाखवल्या, त्यातल्या नऊ एकवीस-बावीस दिवसांनी परत माजावर. गेल्या वर्षी याच दिवसांत अकरापैकी दोन उलटल्या होत्या. पहिल्या गायीला आबा म्हणाले, गाईतच खोट असेल. दुसरीला तेच म्हणाले. पाचव्या फोननंतर गप्प झाले.

डॉक्टरांनी वीर्य तपासलं आणि मलाही सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. चांगल्या वळूच्या थेंबात म्हणे वळवाच्या ढगासारख्या लाटा फिरतात. आमच्या थेंबात लाट नव्हती. साचलेल्या डबक्यात दोन-चार किडे वळवळावेत, तसलं काहीतरी. मग रंग घालून दाखवलं. जिवंत शुक्राणू पांढरा राहतो, मेलेला गुलाबी होतो. निम्म्याच्या वर गुलाबी होते.

आता माझा प्रश्न. टेंभू योजनेचं पाणी यायच्या आधी आमच्याकडे शाळू, बाजरी आणि बांधावर मारवेल, पवना, कुसळी. पाणी आलं तसा ऊस आला, उसाबरोबर हराळी, लव्हाळा, केना आणि त्यांच्यामागं फवारणीचा पंप. गेली चार वर्षं आडसाली उसाला ॲट्राझीन, नंतर टू-फोर-डी. बांधाला ग्लायफोसेट. यंदा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात हे सगळं झालं. बांधावर फवारलेलं गवत पिवळं पडायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर ते हिरवंगार असतं, आणि चिमण्या तिथंच बांधलेला असतो.

तणनाशकानं वळूचं वीर्य बिघडतं का? कुणाला अनुभव?

---

खोडवा | ११ नोव्हेंबर, रात्री १०.२०

वळू इका की राव. बाजारात खोंडं काय कमी हायत व्हय. आन् आबांस्नी सांगा, वहीत पुढच्या रकान्यात पैसं परत दिल्यालं बी लिवा.

---

येरळाकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री १०.३१

लिहिलेत. नऊ हजार.

---

गोठ्यातली_डॉक्टरीण | १२ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकले. नोकरी कराड, पाटण, वाळवा अशी फिरून झाली, आता निवृत्त आहे. प्रश्न चांगला विचारलात आणि वही आहे हे त्याहून चांगलं. निम्म्या पशुपालकांना गाय कधी भरवली हेही आठवत नाही.

आधी गाय की वळू, ते पक्कं करू. उलटलेल्या नऊपैकी कुणी नंतर कांडी भरून घेतली का? कांडीतला वळू रेतन केंद्रात असतो. त्याचा चारा वेगळा, पाणी वेगळं, आणि गोठवून पुन्हा वितळवल्यावर निम्मे शुक्राणू चालते असले तरच ती कांडी बाहेर पडते. त्या गायी कांडीला राहिल्या तर दोष चिमण्याचा. कांडीलाही उलटल्या तर गर्भाशय, खनिजं, माज ओळखण्यातली चूक, असा वेगळा शोध घ्यावा लागेल.

दुसरं, काळाचं गणित. वळूच्या अंडकोषात मूळ पेशीपासून शुक्राणू तयार व्हायला साधारण ६१ दिवस लागतात. पुढे नळीतून पिकत बाहेर यायला आठवडा-दोन आठवडे. म्हणजे आज जे वीर्य दिसतं, त्याचं पेरणं दोन-सव्वादोन महिन्यांपूर्वी झालेलं असतं. ऑगस्टमधल्या घावाचा परिणाम सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर दिसणार, कारण घाव बसला तेव्हा काही पेशी अर्ध्या वाटेवर होत्या, काही सुरुवातीला. तुमच्या तारखा यात बसतात.

पण बसतात म्हणजे सिद्ध झालं असं नाही. म्हणून तिसरा प्रश्न: जुलै-ऑगस्टमध्ये चिमण्याला ताप आला होता का? अंडकोष शरीरापेक्षा चार-पाच अंशांनी थंड राहावे लागतात, म्हणून तर ते बाहेर लोंबतात. तीन दिवसांचा सणसणीत ताप एवढाच गोंधळ करू शकतो. लम्पी असेल तर विचारूच नका, त्याचा विषाणू वीर्यातूनही बाहेर पडतो.

---

येरळाकाठ | १२ नोव्हेंबर, दुपारी १.१५

मॅडम, तिघांनी कांडी भरून घेतली. अजून तरी उलटल्याचा फोन नाही.

तापाचं मी विसरलोच होतो. आईनं आठवण करून दिली. नागपंचमीच्या आदल्या दिवशी चारा सोडला होता, अंग तापलं होतं. गाठी नव्हत्या. इंजेक्शन दिलं, तिसऱ्या दिवशी खायला लागला. फवारणी त्याच आठवड्यातली. आता डोकं आणखी फिरलं.

---

द्राक्षबाग | १२ नोव्हेंबर, रात्री ८.४०

तासगावचा आहे, जनावरं दोनच, पण औषधांचा अनुभव तुमच्यापेक्षा दांडगा. २०१० साली आमच्या भागातल्या बागायतदारांची झोप उडाली होती. युरोपात द्राक्षात क्लोरमेक्वाट सापडलं आणि कंटेनर अडकले. निर्यातीच्या बागेचा नमुना प्रयोगशाळेत जातो, औषधांची यादी असते, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते ठरलेलं असतं.

का? तर खाणारा युरोपात बसलाय. बांधावरचं गवत खाणारा गोठ्यात बसलाय, त्याचा नमुना कोण काढतो? माझ्याच बागेतलं तण उपटून मी माझ्याच म्हशीला टाकतो आणि मणी मात्र तपासायला पाठवतो. हे लिहिताना आत्ता लक्षात आलं.

जाता जाता, क्लोरमेक्वाट हे तणनाशक नाही, वाढ रोखायचं औषध आहे. पण डेन्मार्कात डुकरं पाळणाऱ्यांनीच तक्रार केली होती की ते मारलेल्या पिकाचं धान्य खाल्लं की माद्या नीट माजावर येत नाहीत. त्यावरून संशोधन झालं, आणि उंदरांच्या नरांना दिल्यावर शुक्राणूंची बीजांड फळवायची ताकद घटलेली दिसली. तक्रार शेतकऱ्यांचीच होती, एवढं लक्षात ठेवा.

---

रसायन_मास्तर | १३ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

सांगलीत रसायनशास्त्र शिकवतो. धागा वाचून थोडं थंड पाणी ओततो, राग मानू नका.

तणनाशकं वनस्पतीच्या यंत्रणेवर बेतलेली असतात. ॲट्राझीन प्रकाशसंश्लेषण अडवतं. ग्लायफोसेट जे विकर अडवतं ते जनावरात नसतंच. टू-फोर-डी म्हणजे नकली वाढ-संप्रेरक, रुंद पानाचं तण वेडंवाकडं वाढून मरतं. त्यामुळे 'विष आहे म्हणजे वळूला लागणारच' ही उडी सरळ नाही.

शुक्राणूंवर प्रयोग झालेत हे खरं. मेक्सिकोत २००६ मध्ये डुकराच्या शुक्राणूंवर दोन कीटकनाशकं आणि दोन तणनाशकं घालून संगणकानं त्यांची चाल मोजली, त्यात ॲट्राझीन होतं. इस्राएलमध्ये रेहोवोतला २०१७ मध्ये थेट वळूच्या शुक्राणूंवर ॲट्राझीन आणि शरीरात त्याचं जे रूप होतं ते, असं दोन्ही तपासलं. इटलीत बोलोन्याला २०२० मध्ये डुकराचे शुक्राणू आणि ग्लायफोसेट. बिघाड दिसला. पण हे सगळं प्रयोगशाळेच्या बशीतलं. औषध थेट शुक्राणूवर ओतलेलं. तुमचा वळू गवत खातो, ते चार पोटांतून जातं, यकृतातून जातं, बरंचसं लघवीतून निघून जातं. अंडकोषापर्यंत किती पोचलं हे मोजल्याशिवाय बशीतला निकाल गोठ्याला लावता येत नाही.

तापाचं कारण डोळ्यासमोर असताना फवारणीला धरायची घाई कशाला?

---

गोठ्यातली_डॉक्टरीण | १३ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

मास्तर, बशी आणि गोठा वेगळे हे मान्य. पण त्या बशीत काय दिसलं ते पूर्ण सांगा ना.

वळूच्या शुक्राणूंवर तीन ठिकाणी परिणाम दिसला: बाहेरचं आवरण, डोक्यावरची टोपी आणि मानेमागची वीज-यंत्रणा म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. प्रकाशसंश्लेषण यातल्या कुठेच नाही. म्हणजे औषध ज्या कामासाठी बनवलं त्याच कामापुरतं ते वागतं, असं नाही.

शुक्राणू इतका नाजूक का, ते सांगते. त्याच्या आवरणात असंपृक्त स्निग्धाम्लं भरपूर असतात, म्हणून ते लवचीक असतं आणि म्हणूनच लवकर खराब होतं. शेंगतेल उघडं उन्हात ठेवलं की खवट होतं, तीच रसायनक्रिया. दुसऱ्या पेशी बिघडलेला भाग नवा बनवतात. शुक्राणूनं तो कारखाना तयार होतानाच मोडीत काढलेला असतो, दुरुस्तीची सोयच नाही. टोपीत बीजांडाचं कवच विरघळवणारी विकरं असतात. ती टोपी वाटेतच फुटली तर शुक्राणू पोहत पोचतो, पण आत शिरता येत नाही. गंमत अशी की असा शुक्राणू सूक्ष्मदर्शकात छान पळताना दिसतो. चाल बरी आणि गाय उलटते, असं कोडं मी नोकरीत पुष्कळदा बघितलंय.

बोलोन्याच्या प्रयोगातली खरी गोष्ट तर तुम्ही सोडूनच दिलीत. शुद्ध ग्लायफोसेटला खूप जास्त मात्रा लागली. दुकानात मिळणारं तयार मिश्रण घातलं तेव्हा त्याहून कितीतरी कमी मात्रेत शुक्राणू मेले. कारण बाटलीत नुसतं ग्लायफोसेट नसतं, पानाला चिकटून आत शिरायला साबणासारखा पदार्थ असतो. पानाचं मेण विरघळवणारी गोष्ट शुक्राणूचं आवरण कशाला सोडेल? त्या पदार्थांतला चरबीपासून बनवलेला एक प्रकार युरोपनं २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या मिश्रणातून काढायला लावला.

---

रसायन_मास्तर | १३ नोव्हेंबर, रात्री ९.१०

मिश्रणाचा मुद्दा मान्य, मी गाळला ते चुकलं.

मात्रेचा मुद्दा सोडत नाही. येरळाकाठ, एक सांगा. फवारून झालं की पंप कुठं धुता?

---

येरळाकाठ | १३ नोव्हेंबर, रात्री ९.२५

हौदावर. गोठ्यासमोरच्या.

---

खोडवा | १३ नोव्हेंबर, रात्री ९.२७

आयला.

---

रसायन_मास्तर | १३ नोव्हेंबर, रात्री १०.४०

हिशेब मांडतो. आकडे तुमच्या पद्धतीप्रमाणे बदलून घ्या.

ॲट्राझीनची ५० टक्के पावडर एकरी किलोभर, पाणी २०० लिटर. म्हणजे एका लिटर फवाऱ्यात अडीच ग्रॅम ॲट्राझीन. पंपाच्या तळाशी आणि नळीत पावशेरभर, समजा २०० मिली, उरतंच. त्यात अर्धा ग्रॅम. ते ५०० लिटरच्या हौदात गेलं तर लिटरला १,००० मायक्रोग्रॅम. आता तुलना करा: पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम, अमेरिकेची ३, युरोपची ०.१. युरोपनं तर हे औषधच वीस वर्षांपूर्वी बंद केलं.

मी बशी-बशी करत होतो ना? एक मायक्रोमोलर ॲट्राझीन म्हणजे लिटरला सुमारे २१६ मायक्रोग्रॅम. तुमच्या हौदात साडेचार मायक्रोमोलरचं पाणी होतं. असले प्रयोग याच मापात करतात. हौदातलं प्रमाण म्हणजे अंडकोषातलं प्रमाण नव्हे, हे पुन्हा सांगतो. पण गवतावरून मी जे 'नगण्य' म्हणणार होतो, ते या पाण्याबद्दल म्हणवत नाही.

तापाची शंका मात्र तशीच आहे.

---

सूनबाई_पलूस | १४ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

चार दिवस वाचतेय. सगळे शुक्राणूपर्यंत पोचलात, बांधापर्यंत कुणी आलं नाही.

'तणनाशक बंद करा' असं अजून कुणी लिहिलं नाही हे बरं, कारण लिहिलं असतं तर विचारणार होते, खुरपायला कोण येणार? आमच्याकडे हजेरी देऊनही बायका मिळत नाहीत. आणि हराळी खुरप्यानं निघते असं ज्याला वाटतं त्यानं एक दिवस आडसालीत बसून दाखवावं. पाऊस, चिखल, वर उसाचं पान चिरतंय. माझ्या सासूबाईंचे गुडघे त्यात गेले. पंप आला तेव्हा आम्ही बायकांनीच देवाला नारळ फोडला.

पण खरी गोष्ट सांगू? फवारतो एक आणि गवत कापतं दुसरंच. पंप मारायला दीर किंवा गडी जातो. वैरणीचा भारा मी आणते. फवारलंय हे मला कुणी सांगत नाही, आणि आठ दिवस गवत बघून कळतही नाही. उलट बांधावर सगळ्यात कोवळं, लुसलुशीत तेच दिसतं. मी तेच कापते. रिकामा भारा आणला तर ऐकून घ्यायचं कुणी?

---

गोठ्यातली_डॉक्टरीण | १४ नोव्हेंबर, सायंकाळी ५.००

सूनबाई, लाखातलं बोललीस.

लुसलुशीत दिसतं म्हणालीस, तो भास नाही. टू-फोर-डी कमी बसलं की काही तणांत मरायच्या आधी साखर आणि नायट्रेट वाढतं. एरवी जनावर तोंड लावत नाही असलं तणही मग ते आवडीनं खातं. आपल्याकडे माठ आणि तांदुळजाच्या जातीची तणं मुळातच नायट्रेट साठवतात. ते जास्त झालं तर रक्त चॉकलेटी पडतं, जनावर धापा टाकतं आणि वेळेत मिथिलीन ब्लू मिळालं नाही तर दगावतं. हे वीर्याइतकं गूढ नाही, दोन तासांत दिसतं. म्हणून टू-फोर-डी मारलेल्या रानातलं तण वैरणीला आणूच नये.

आणखी एक, बाप्यांसाठी. अर्जेंटिनात १९९१ मध्ये टू-फोर-डी फवारणाऱ्या शेतकऱ्यांचं वीर्य तपासलं तेव्हा मंद आणि मेलेले शुक्राणू जास्त निघाले. अमेरिकेत मिसुरीच्या शेतीभागात २००३ मध्ये ज्यांच्या लघवीत ॲट्राझीनसह काही औषधांचे अंश जास्त होते, त्यांचं वीर्य कमी प्रतीचं दिसलं. मूल होत नाही म्हणून सुनेला देवऋष्याकडे नेणारी घरं मी बघितलीत. चिमण्याला निदान कुणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं तरी.

---

माणदेशी_मेंढका | १४ नोव्हेंबर, रात्री १०.१५

म्हसवडकडचा. आमची मेंढरं दिवाळी झाली की खाली बागायतीकडं जात्यात, कराड-वाळव्यापातूर. रानात बसवायची, लेंड्या रानाला, पाला मेंढराला. रान मालकाचं, मारल्यालं औषध मालकाला ठावं. आमी इचारतो, त्यो म्हनतो काय न्हाई मारलं.

आमच्या म्हाताऱ्याची रीत, नव्या रानात आधी दोन खाटकी मेंढरं सोडायची, पालवायचा नर न्हाई. नर सगळ्यात शेवटाला. मला वाटायचं म्हातारा उगंच करतोय.

---

द्राक्षबाग | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.००

कायद्याचं थोडं. मे २०२० ला केंद्रानं सत्तावीस औषधांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्यात ॲट्राझीन आणि टू-फोर-डी दोन्ही होती. या दोघांवर बंदी काही आली नाही, ही दोन्ही आजही मिळतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रकाकडूनच मारायचं असा आदेश निघाला. तो कीडनियंत्रक आमच्या शिवारात मी तरी अजून बघितला नाही. कुणी बघितला असेल तर फोटो टाका.

---

येरळाकाठ | १५ नोव्हेंबर, रात्री ९.३०

ठरलं ते लिहितो. चिमण्याला गायी बंद. हौद रिकामा करून घासला, पंप आता रानातच, फवारलेल्या पट्ट्यावरच धुवायचा. वैरण फक्त घरचं कडवळ आणि कडबा, बांधाचं काही नाही. खनिज मिश्रण चालू. मॅडमच्या सांगण्यावरून ब्रुसेलोसिससाठी (जनावरांचा सांसर्गिक गर्भपाताचा रोग) रक्त पाठवलं. अडीच महिन्यांनी परत वीर्य बघायचं.

आबांना हौदाचं सांगितलं. काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतः बादलीनं पाणी उपसत होते.

---

खोडवा | २६ फेब्रुवारी, रात्री ८.०५

ओ येरळाकाठ, वळू इकला का काय? धागा वाऱ्यावर सोडला.

---

येरळाकाठ | २८ फेब्रुवारी, रात्री १०.२०

विकला नाही. ऊसतोडीत अडकलो होतो.

ब्रुसेलोसिस नाही. कांडीला भरलेल्या तिन्ही गायी गाभण आहेत, डॉक्टरांनी हात घालून बघितलं. म्हणजे दोष चिमण्याचाच होता. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात परत थेंब बघितला. लाटा आल्यात. नोव्हेंबरात बघितलं नसतं तर त्या लाटेचं काय कौतुक ते कळलं नसतं. गुलाबी पाचात एखादा. डॉक्टर म्हणाले, सावकाश गायी सुरू करा, आठवड्याला दोन.

मास्तर, तुम्ही काय विचारणार ते माहीत आहे.

---

रसायन_मास्तर | १ मार्च, सकाळी ६.१०

विचारतोच. तापानं बिघडलं असतं तरी एवढ्याच दिवसांत सुधारलं असतं. हौद आणि चारा तुम्ही एकदम बदलला, त्यामुळे गवत की पाणी हेही कळणार नाही. शास्त्राच्या दृष्टीनं तुमच्या हातात काही लागलं नाही.

आमच्या घरचा पंप मीही आता रानात धुतो, ते वेगळं.

---

गोठ्यातली_डॉक्टरीण | १ मार्च, सकाळी ९.४५

दोन्ही मिळूनही झालं असेल. तापानं आधीच हलकं झालेलं आवरण, त्यात हे पाणी. एकच आरोपी पकडायची सवय न्यायालयाला ठीक, गोठ्यात तसं सहसा नसतं. येत्या ऑगस्टला फवारणी होईल आणि देव करो ताप येणार नाही. तेव्हा आबांची वही काय सांगते ते बघू. फवारणीच्या तारखा त्याच वहीत लिहा, वेगळ्या नको.

---

येरळाकाठ | १ मार्च, दुपारी २.००

लिहायला लागलेत. 'फवारा' असा नवीन रकाना पाडलाय.

सूनबाईंनी लिहिलेलं आईला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, मला तरी कुठं कोण सांगतंय. मग आबांनी एक केलं. फवारलेल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना काठी रोवून लाल चिंधी बांधायची. चिंधी आहे तोवर तिथं कोयता लावायचा नाही, जनावर बांधायचं नाही. पहिला पाऊस पडून नवं गवत आलं की चिंधी काढायची. शेजारच्यांनाही सांगितलं, त्यांचं फवारणं आमच्या बांधावर उडतंच.

---

सूनबाई_पलूस | १ मार्च, रात्री ९.००

हे आवडलं. आमच्यातही सुरू करते. दिराला काठी रोवायला जड जाणार नाही, पंप उचलतो तेवढा.

---

येरळाकाठ | ९ मार्च, रात्री ८.५०

चिंधीचा एक घोटाळा झालाय. एक काठी नेमकी लिंबोणीच्या झाडाखाली रोवली गेली. लाल चिंधी, खाली गळालेली लिंबं. तीन दिवस झाले, वरच्या वस्तीवरच्या बायका त्या वाटेनं यायच्या बंद झाल्यात. कुणीतरी करणी केलीय म्हणे. काल एकानं आबांनाच विचारलं, कुणावर केलीय.

---

माणदेशी_मेंढका | ९ मार्च, रात्री ९.१०

मग काय म्हनले आबा?

---

येरळाकाठ | ९ मार्च, रात्री ९.१४

हराळीवर.

---

खोडवा | ९ मार्च, रात्री ९.२०

पांढरी बांधा.